ही ब्रेकिंग कुठेच चालली नाही

शुक्रवारी रात्री नऊला जो माणूस अख्ख्या महाराष्ट्राच्या वतीने जाब विचारत होता, तो सोमवारी रात्री नऊला दिसला नाही. मंगळवारीही नाही. त्याच्या खुर्चीत दुसरा बसला. कोट तसाच निळा, आवाज तसाच चढा, प्रश्नही तेच. पहिला कुठे गेला, हे चॅनेलने एका ओळीनेही सांगितलं नाही.

बिबट्या विहिरीत पडला तर तीन तास लाइव्ह. आपला अँकर बाहेर पडला तर खालच्या पट्टीवरही जागा नाही.

बिबट्याला निदान वनखातं तरी वर काढतं.

मग ही बातमी फुटते कुठे? त्या माणसाच्या स्वतःच्या पोस्टवर. मजकूर ठरलेला. एका सुंदर प्रवासाला विराम. सहकाऱ्यांचे आभार, व्यवस्थापनाचे त्याहून जास्त आभार. हे माझं दुसरं घरच होतं. आता एका नव्या संधीच्या दिशेने पाऊल. खाली न्यूजरूममध्ये केक कापतानाचा फोटो. केकवर चॅनेलचा लोगो, आणि सुरी जाणाऱ्याच्याच हातात.

दुसरं घर इतकं गोड होतं, तर सोडलं का?

तेवढंच त्या पोस्टमध्ये नसतं. आमदाराने पक्ष बदलला की ‘का? का? का?’ म्हणून गाडीच्या काचेवर बूम माइक आपटणारा हा माणूस. स्वतःची पाळी आली की ‘वैयक्तिक कारण’.

आमदारही हेच म्हणाला होता.

खरी कारणं काही गूढ नाहीत. पहाटे पाचचं बुलेटिन असेल तर घरातून तीनला निघायचं. रात्री अकराचं असेल तर घरी पोचायला एक. दिवाळीत ड्यूटी, विसर्जनाला लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत उभ्याने ड्यूटी, निवडणुकीचा निकाल असेल तर आंघोळही चॅनेलच्या सोयीने. वर्षाअखेरीस पगारवाढीचं पत्र येतं. त्यात ‘आपण एक कुटुंब आहोत’ असं ठळक अक्षरांत असतं आणि आकडा बारीक.

कुटुंबात कुणी पैसे मागतं का?

मग एक दिवस नवा संपादक येतो. येताना आपली माणसं घेऊन येतो. जुन्यांना कुणी काढत नाही हं. प्राइम टाइमवाल्याला दुपारी दोनच्या बुलेटिनला बसवतात. दोनवाल्याला डेस्कवर. डेस्कवाल्याला सांगतात, ‘डिजिटलमध्ये तुला खूप वाव आहे.’ चार महिन्यांत तिघांनाही एकदमच नव्या संधीची ओढ लागते.

राजीनामा ऐच्छिक असतो. इच्छा कुणाची, हे त्यात लिहायचं नसतं.

आणि अँकर बाई असेल तर? पुरुष अँकरचे केस पांढरे झाले की तो ‘ज्येष्ठ पत्रकार’ होतो. बाईचे झाले की तिला नवी संधी मिळते.

कायदा काय करतो, असं भाबडेपणाने विचाराल. आपला श्रमिक पत्रकार कायदा होता 1955चा. देशात टीव्ही आला 15 सप्टेंबर 1959ला, तोही फक्त दिल्लीत. म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला टीव्ही पत्रकार हा प्राणी ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. पुढे टीव्ही वाढला, रंगीत झाला, चोवीस तासांचा झाला. कायदा वृत्तपत्रांपुरताच राहिला. इलेक्ट्रॉनिक माध्यमातला पत्रकार हाही पत्रकारच, हे कामगार संहितेत लिहून यायला 2020 उजाडलं.

एकसष्ट वर्षांनी मोठी बातमी: टीव्हीत माणसं काम करतात.

जाणाऱ्यांना अडवत तरी कोण आहे? दरवर्षी पत्रकारितेच्या वर्गांतून नवी पोरं बाहेर पडतात आणि पहिले काही महिने ‘अनुभवासाठी’ राबायला तयार असतात. एक गेला तर दाराशी दहा उभे. त्या दहांतला एक चांगलं लिहितो. त्याला घेत नाहीत.

आवाज बारीक आहे म्हणतात.

तेव्हा टीव्हीची नोकरी सोडणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सोडावी. जमलं तर लवकर सोडावी. आपला मुद्दा वेगळा आहे: निघताना तो सोबत काय नेतो?

लॅपटॉप परत करतो. ओळखपत्र परत करतो. बूमवरचा चॅनेलच्या नावाचा ठोकळाही परत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘लेफ्ट’ एवढी एक ओळ उमटते आणि तिच्या खाली लगेच कुणीतरी विचारतं, ‘मंत्रालयाचा बाइट कुणाकडे आहे?’ झालं, संपलं. पण दोन गोष्टी कुणी परत मागत नाही. एक, मोबाइलमधले नंबर. खासगी सचिवाचा, आयुक्तांचा, बिल्डरच्या मुलाचा. दुसरी, चेहरा.

हा चेहरा ओळखीचा कुणी केला? चॅनेलला वाटतं, आम्ही. अहो, केला तो आपण. ताटावर बसून, वरणभात कालवता कालवता, ‘हा बरं बोलतो’ असं म्हणत आपण त्याच्यावर विश्वास टाकला. पगार त्याला तुटपुंजा मिळाला असेल. आपला विश्वास हा त्याचा खरा प्रॉव्हिडंट फंड. आणि नवी संधी म्हणजे हा फंड एकरकमी काढणं.

वर्गणी आपली, सही त्याची.

काही जण फंड घेऊन फार लांब जात नाहीत. टीव्ही सोडतात आणि टीव्हीतच जातात. अर्णब गोस्वामींनी नोव्हेंबर 2016मध्ये टाइम्स नाऊ सोडलं. 6 मे 2017ला रिपब्लिक टीव्ही सुरू झाला. मधले सहा महिने देशाला काय जाणून घ्यायचंय, हे देशाला स्वतःच ठरवावं लागलं.

देशाने निभावून नेलं, ही गोष्ट कुणी फारशी मनावर घेतली नाही.

मराठीत तर हलायचेही कष्ट नाहीत. चॅनेलच नाव बदलतं. स्टार माझाचं 2012ला एबीपी माझा झालं. आयबीएन लोकमतचं न्यूज18 लोकमत झालं. खुर्ची तीच, टेबल तेच, कँटीनचा चहा तोच, बूमवरचा ठोकळा फक्त नवा.

बायोडेटात मात्र नोकऱ्या दोन.

आणखी एक जात आहे: गेलेली आणि न गेलेली. राजीनामा देऊन महिना उलटायच्या आत हे गृहस्थ त्याच चॅनेलवर, त्याच चर्चेत, डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनात प्रकटतात. नावाखाली ‘राजकीय विश्लेषक’. कालपर्यंत दुसऱ्यांना ‘थोडक्यात सांगा’ म्हणून तोडायचे. आज त्यांना कुणी तोडलं की ‘मला बोलू द्या’ म्हणून रागावतात.

पैसे मिळत नाहीत म्हणे. चेहरा ताजा राहतो.

पक्षाचा रस्ता त्याहून झगझगीत. आशुतोष यांनी जानेवारी 2014मध्ये आयबीएन सेव्हनची संपादकाची खुर्ची सोडली आणि आम आदमी पक्षाची टोपी घातली. काही महिन्यांत चांदनी चौकातून लोकसभा लढले, हरले. 2018ला टोपीही काढली आणि पुन्हा माइकसमोर आले. इसुदान गढवी गुजराती चॅनेलवर शेतकऱ्यांचे प्रश्न मांडत गाजले. 2021ला नोकरी सोडून त्याच पक्षात गेले, 2022च्या निवडणुकीत थेट मुख्यमंत्रिपदाचा चेहरा झाले आणि खंभाळियातून स्वतःच पडले.

मतदार टीव्ही बघतो. बघितलेल्याला मत देईलच असं नाही.

तरी या दोघांचं एक मानलं पाहिजे. आधी नोकरी सोडली, मग झेंडा धरला. खरी करामत त्यांची, ज्यांनी झेंडा आधी धरला आणि नोकरी सोडलीच नाही. त्यांना पक्षात जावं लागत नाही.

पक्षच रोज नऊला त्यांच्याकडे येतो.

मालिकावाल्यांचं त्या मानाने बरं जमतं, कारण आपण निःपक्ष आहोत असा दावा त्यांनी कधी केलेला नसतो. ‘रामायण’ 1987ला दूरदर्शनवर सुरू झालं. त्यातली सीता आणि त्यातला रावण 1991च्या लोकसभेत दोघेही निवडून आले, एकाच राज्यातून, एकाच पक्षाचे. दीपिका चिखलिया बडोद्यातून, अरविंद त्रिवेदी साबरकांठातून. आणि राम? अरुण गोविल मेरठमधून खासदार झाले 2024ला.

वनवास चौदा वर्षांचा असतो, असं आम्ही ऐकून होतो.

आपले डॉ. अमोल कोल्हे तर नोकरी सोडण्याच्या भानगडीतच पडले नाहीत. 2019ला शिरूरचे खासदार झाले तेव्हा त्यांची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिका सुरूच होती; ती संपली फेब्रुवारी 2020मध्ये. निवडून आल्यावर खासदार दिसत नाही, ही तक्रार देशभर आहे.

शिरूरकरांना निदान रात्री तरी दिसत होते.

आणि स्मृती इराणी? 2000पासून मालिकेतली तुलसी. 2014ला केंद्रीय मंत्री. 2019ला अमेठीत राहुल गांधींचा पराभव. 2024ला त्याच अमेठीत स्वतःचा. आणि 29 जुलै 2025ला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ नव्याने सुरू झाली तेव्हा तुलसी पुन्हा तुळशीपाशी हजर. अमेठीने त्यांना पाच वर्षं सांभाळलं. टीव्हीने पंचवीस वर्षांनीही जागा रिकामी ठेवली.

सांगा आता, पक्की नोकरी कुठली?

परदेशात सगळं शिस्तीत चालतं, असा आपला एक समज आहे. पीट हेगसेथ फॉक्स न्यूजवर शनिवार-रविवारचा सकाळचा कार्यक्रम करत. जानेवारी 2025मध्ये ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. सिनेटमध्ये मतं पन्नास-पन्नास पडली, उपाध्यक्षांनी आपलं एक टाकलं, काम झालं. आपल्याकडचे अँकर त्या मानाने समजूतदार.

ते स्टुडिओतच युद्ध करतात आणि जेवायला घरी जातात.

पण तिकीट काही सगळ्यांना मिळत नाही. उरलेल्यांसाठी जनसंपर्क आहे. व्हिजिटिंग कार्डावर ‘मीडिया सल्लागार’. ज्या रखडलेल्या टॉवरसमोर उभं राहून ‘शेकडो कुटुंबांची फसवणूक’ असं कॅमेऱ्यात सांगितलं होतं, त्याच टॉवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या भूमिपूजनाचं निमंत्रण आता याच्याच मेलवरून येतं. पूर्वी फोन करून म्हणायचा, ‘साहेब, एक प्रतिक्रिया हवी होती.’ आता फोन उचलून म्हणतो, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’

आवाज तोच. भारदस्त.

कामात तो तरबेज असतो, यात शंका नको. अडचणीची माहिती संध्याकाळी उशिरा दिली की शहानिशा करायला वेळ उरत नाही, हे त्याला पाठ आहे. कुठल्या रिपोर्टरला कागद लागतो आणि कुणाचं नुसत्या ‘सूत्रांकडून कळतं’वर भागतं, हेही ठाऊक. शनिवार-रविवार सुट्टी, मेडिक्लेम, घ्यायला-सोडायला गाडी. प्रश्न विचारायचे जेवढे पैसे मिळत, त्याच्या कितीतरी पट प्रश्न टाळायचे मिळतात.

हा भाव बाजाराने लावलाय. आपण फक्त वाचून दाखवला.

काही जण शिकवायला जातात. हे त्यातल्या त्यात सभ्य. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना माध्यमांची नीतिमूल्यं शिकवतात, आठवड्याला दोन तास. अनुभव दांडगा.

वीस वर्षं त्यांच्याशिवाय काम केलेलं असतं.

काही जण ‘प्रभावी वक्तृत्व’ शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतात. आत्मविश्वासाने कसं बोलावं, डोळ्यात डोळे घालून कसं बोलावं, श्रोत्यांना कसं जिंकावं. समोर नगरसेवक व्हायला निघालेले तरुण वह्या उघडून बसलेले. आयुष्यभर टेलिप्रॉम्प्टर वाचला, हे मात्र अभ्यासक्रमात घ्यायचं राहून जातं.

यंत्र अडलं की आत्मविश्वास कुठे जातो, हे प्रेक्षकांनी पाहिलेलं आहे.

आता सध्याची सगळ्यात झकास संधी: स्वतःचं यूट्यूब चॅनेल. याला कारण एक माणूस. रवीश कुमार यांनी 30 नोव्हेंबर 2022ला एनडीटीव्हीचा राजीनामा दिला. चॅनेल अदानी समूहाच्या ताब्यात चाललं होतं. प्रणय आणि राधिका रॉय आदल्याच दिवशी प्रवर्तक कंपनीच्या संचालकपदावरून पायउतार झाले होते. रवीश यांनी ‘सुंदर प्रवास’ वगैरे लिहिलं नाही. यूट्यूबवर येऊन कारण सांगितलं. आज तिथे एक कोटीहून जास्त लोक त्यांचे सबस्क्रायबर आहेत.

‘का’चं उत्तर दिलं की लोक मागोमाग येतात. आश्चर्यच आहे, नाही का?

आपल्याकडे निखिल वागळे 2014ला आयबीएन लोकमतमधून बाहेर पडले. चॅनेल सुटलं, सवय सुटली नाही. फेब्रुवारी 2024मध्ये ‘निर्भय बनो’ मोहिमेच्या सभेला जाताना पुण्यात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला. त्यांची सगळी मतं पटलीच पाहिजेत असं नाही. पण टीव्ही सोडताना प्रश्न सोबत नेले तर काय होतं, आणि प्रश्न ऑफिसातच ठेवून गेलं तर काय होतं, याचा हिशेब सोपा आहे.

एकाची गाडी फुटते. दुसऱ्याला गाडी मिळते.

हे झाले मोजके. त्यांचं पाहून निघालेल्यांची वरात मोठी आहे. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा मिळायला आधी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. मग जाहिरातीच्या पैशातले 55 टक्के तुमचे, 45 त्यांचे. एक लाखाला चांदीचं बटण, दहा लाखांना सोन्याचं. भिंतीवर शोभतं.

वाण्याकडे चालत नाही.

म्हणून मग काय करायचं? जे चॅनेलमध्ये करत होतो तेच. थंबनेलवर लाल बाण, डोळे वटारलेला स्वतःचा फोटो, ‘आत्ताची सर्वात मोठी बातमी’, ‘अमक्यांची झोप उडाली’. आत बघावं तर अमके गाढ झोपलेत आणि हे बारा मिनिटं घोरण्याचं विश्लेषण करतायत. संपादक हे बळजबरीने करायला लावतो म्हणून नोकरी सोडली होती. आता घरच्या हॉलमध्ये, पुस्तकांच्या कपाटासमोर, स्वखुशीने.

संपादकाशी निदान केबिनमध्ये जाऊन भांडता यायचं. अल्गोरिदमची केबिन कुठाय?

टीआरपी गुरुवारी यायचा. आठवड्यातून एकदा छाती धडधडायची, बाकी सहा दिवस माणूस माणसात असायचा. यूट्यूबचा आकडा मिनिटामिनिटाला हलतो. मुलाचा वाढदिवस असो की सासऱ्यांचं ऑपरेशन, नजर ‘व्ह्यूज’वर.

स्वातंत्र्य मिळालं. सुट्टी गेली.

काही भाबडे म्हणतात, सगळा दोष आकड्यांचा. आकडे नसते तर ही माणसं किती छान वागली असती. तेही करून झालंय हो. टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर 2020 ते मार्च 2022 वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे जाहीर करणंच बंद होतं. जवळजवळ दीड वर्ष. त्या दीड वर्षात टीव्हीचा आवाज उतरल्याचं तुमच्या कानांना कधी जाणवलं?

मग बिचाऱ्या टीआरपीच्या मीटरला कशाला बदनाम करता?

पूर्वीही लोक टीव्ही सोडत. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं. सुरुवातीच्या वर्षांत तिथे मराठी बातम्या वाचणारी एक तरुणी जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असं आजही सांगतात. टेबलाखालचं कुणाला दिसतंय? श्याम बेनेगलांना टेबलावरचं दिसलं, तेवढं पुरलं. त्या बातम्या वाचणाऱ्या बाईंनी केक कापला नाही, प्रवासाला विराम दिला नाही. स्मिता पाटील नावाने त्या ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’त दिसल्या.

संधी खरी असली की जाहीर करावी लागत नाही.

त्याही आधी, दिल्लीत दूरदर्शन रांगत होतं तेव्हा, पु. ल. देशपांडे तिथे निर्माते होते. पंडित नेहरूंची टीव्हीसाठी मुलाखत त्यांनी घेतली. पुढे ते बाहेर पडले आणि नंतरच्या आयुष्यात ‘माजी दूरदर्शन निर्माते’ अशी ओळख करून द्यायची वेळ कुठल्याही सूत्रसंचालकावर आली नाही. आजच्या अँकरच्या नावामागे जुन्या चॅनेलचं नाव नोकरी सुटून दहा वर्षं झाली तरी लोंबकळत असतं.

काढलं तर उरतं काय, हा प्रश्न असेल.

अनंत भावे मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत. ते मराठीचे प्राध्यापक होते आणि मुलांसाठी कविता लिहीत. भक्ती बर्वे बातम्या वाचत. त्यांचं खरं घर रंगभूमी. प्रदीप भिडे वर्षानुवर्षं दूरदर्शनवरच राहिले. जाहिरातींना, माहितीपटांना आवाज देत राहिले आणि बातमीही वाचत राहिले. या मंडळींच्या दिवसात बातम्या होत्या, पण दिवस बातम्यांवर उभा नव्हता. म्हणून बातमी वाचताना घसा ताणावा लागत नसे.

आणि गेल्यावर चेहरा विकावा लागत नसे.

आता ज्यांच्या जाण्याची पोस्टसुद्धा कुणी वाचत नाही, त्यांचं बोलू. कॅमेरामन. खांद्यावर कॅमेरा वागवून मान धरली, कंबर धरली. आता लग्नाच्या ऑर्डरी घेतो. नवरदेवाला ‘सर, जरा पुन्हा एंट्री घ्या’ म्हणतो. सवय मंत्र्यांची आहे.

नवरदेव मंत्र्यांपेक्षा वेळेवर पैसे देतात.

व्हिडिओ एडिटर. अँकर अडखळला ती जागा कापणारा, नेत्याचं अर्धं वाक्य पूर्ण भासवणारा. चॅनेलची अब्रू रोज त्याच्या दोन बोटांवर. तो गेला हे चॅनेलला कळतं, पॅकेज वेळेवर आलं नाही तेव्हा.

तालुक्याचा स्ट्रिंगर. मोटरसायकलच्या डिकीत तीन-चार चॅनेलचे बूम. पैसे बातमीमागे, तेही बातमी लागली तर, आणि लागल्यावर कधी, ते विचारू नये. कृष्णेला पूर आला की पाण्यात पहिला पाय त्याचा. चौथ्या दिवशी मुंबईहून ओबी व्हॅन येते, कोरा रेनकोट घातलेला रिपोर्टर उतरतो आणि सगळ्यात आधी आपणच पोचल्याचं सांगतो. स्ट्रिंगर तेव्हा कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून त्याच्यावर छत्री धरतो.

तो राजीनामा देत नाही. नेमणुकीचं पत्रच नव्हतं, तर राजीनामा कुणाला देणार? पंचायत समितीसमोर झेरॉक्सचं दुकान टाकतो, सात-बारा काढून देतो. त्याची नोकरी कागदावर कधी लागलीच नव्हती, म्हणून ती सुटतही नाही. बेरोजगारांतसुद्धा त्याची मोजदाद नाही.

केक वगैरे दूरच.

यातल्या कुणाकडेही विकायला चेहरा नव्हता. म्हणून हे टीव्ही सोडतात तेव्हा खरोखर सोडतात. बाकीचे टीव्ही सोबत घेऊन फिरतात आणि गिऱ्हाईक शोधतात. त्यात बेकायदा काही नाही. पोट सगळ्यांना आहे, घराचे हप्तेही सगळ्यांना आहेत.

पण मालात निम्मा वाटा आपला होता, एवढं तरी कुणी कबूल करावं.

ते होणार नाही. तेव्हा वाचकहो, काम आपणच करायचं. पुढच्या वेळी एखादा ओळखीचा चेहरा नव्या संधीच्या दिशेने पाऊल टाकताना दिसला, तर लगेच अंगठा उमटवू नका. आधी बघा, याला आता पैसे कोण देतंय. मग आठवा, तो पैसे देणारा यापूर्वी याच्याच कार्यक्रमात कितीदा येऊन बसला होता आणि त्याला एखादा तरी अवघड प्रश्न गेला होता का. आणि शेवटचं: बाहेर का पडलो, हे यानं सांगितलंय का.

सांगितलं असेल तर त्याला पुढेही ऐका. तो चॅनेलवर असो, यूट्यूबवर असो, पक्षात असो. त्याचं मत पटलं नाही तरी ऐका.

सांगितलं नसेल, तर शुभेच्छा जरूर द्या. विश्वास मात्र ज्याचा त्याने परत घ्यावा.